भाट्याची वाळू, मचव्याचा खिळा

मागचं दार उघडलं की मोहोराचा वास आत येतो, असे वर्षातून मोजकेच दिवस असतात. आज त्यांतला पहिला. थंडी म्हणावी तर थंडी नाही. पण पायाखालची लादी गार लागते आणि दोरीवर विसरलेल्या टॉवेलला सकाळी सातपर्यंत दवाची ओल असते. मी रोजच्यासारखं आधी दूध तापत ठेवलं, कॅलेंडरावरच्या कालच्या तारखेवर रेघ मारली आणि मग दार उघडलं. तुमची आई या क्रमाला माझं टाइमटेबल म्हणते. आज वास आला आणि टाइमटेबल मोडलं. दूध उतू गेलं.

परवा तुम्ही दोघांनी फोनवर तुमचा रोबो दाखवलात, तेव्हापासून ते जुने दिवस डोक्यात होतेच. इरा फोन धरून उभी होती, निहार बटणं दाबत होता. यंत्राचा हात खाली वाकला, त्याने ढिगातून तीन-चार टाचण्या उचलल्या, वळून डब्यावर आला आणि थांबला. टाचण्या काही पडेनात. निहारने हात हलवला, फुंकर मारली, शेवटी बोटांनी ओढून काढल्या.

"आजी, पकडतो मस्त. पण सोडतच नाही."

तुमची आई मागे ओट्यापाशी काहीतरी चिरत होती. ती वळलीसुद्धा नाही. "आजीला विचारा," म्हणाली. "आमचाही सोडत नव्हता."

मी हसून वेळ मारून नेली, कारण ही गोष्ट फोनवर सांगण्याएवढी छोटी नाही. शिवाय फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी "मग?" विचारता आणि माझा धागा सुटतो. म्हणून लिहिते आहे. तुमच्या आईने वाचून दाखवावं, आणि तिच्याबद्दलचं जे आहे तेही गाळू नये.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. वृषाली, म्हणजे तुमची आई, नववीत होती. खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं चिऱ्याच्या भिंतींचं छोटं घर, पुढे ओटी, मागे न्हाणी आणि दोन आंब्याची कलमं. घरात आम्ही तिघी: वृषाली, मी आणि माझ्या सासूबाई. तुमचे आजोबा जहाजावर फिटर होते. वर्षातले दहा महिने समुद्रावर आणि पाच-सहा आठवडे घरी. त्या मधल्या महिन्यांत ते आमच्यासाठी एक हस्ताक्षर असत. निळ्या शाईतलं, किंचित तिरकं, आणि कुठल्या तरी बंदराचं तिकीट लावलेलं.

मी पुण्याची. इंग्रजी माध्यमात शिकलेली, लग्न होऊन रत्नागिरीला आलेली आणि इथल्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. वृषाली माझ्याच शाळेत होती. शाळेच्या फाटकाच्या आत ती मला बाई म्हणे, हात वर करून प्रश्न विचारी. फाटकाबाहेर पाऊल पडलं की मी आई, आणि हट्ट सुरू. तिने हे इतकं काटेकोर पाळलं की एकदा फाटकात उभं राहूनच तिने मला विचारलं होतं, "इथे उभी असताना काय म्हणू?"

त्या वर्षी भात झोडून झालं होतं. पूर्णगडजवळच्या आमच्या तुकड्यावरचे नवे तांदूळ पोत्यांत भरून घरात आले होते आणि माजघराला त्यांचा तो कोवळा, किंचित धुळकट वास येत होता. शाळेत विज्ञान प्रदर्शनाची धावपळ सुरू झाली होती. कुणी ज्वालामुखी करत होतं, कुणी गोबर गॅस. वृषालीने विज्ञानाच्या बाईंना सांगितलं, "मी बंदरावरची क्रेन करणार. लोखंड उचलणारी."

ते खूळ एका पत्रातून आलं होतं. आजोबांनी लिहिलं होतं की एका बंदरात भंगार लोखंड जहाजावर चढवताना पाहिलं. साखळीला टांगलेली भलीमोठी थाळी खाली येते, माणूस बटण दाबतो आणि मोटारगाडीएवढा ढीग तिला चिकटतो. बटण बंद केलं की धडाड. चुंबक असा, की हवा तेव्हा चुंबक आणि नको तेव्हा साधं लोखंड. वृषालीने ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला. तिने मला सांगितलं नाही, पण मला दिसत होतं: प्रदर्शन शनिवारी होतं, आणि तिचे बाबा त्याच्या दोन दिवसांनी परत जायचे होते. एवढ्या वर्षांत त्यांनी तिचं एकही स्नेहसंमेलन पाहिलं नव्हतं, एकही बक्षीस समारंभ नाही. या वेळी ते समोर उभे असताना क्रेनने उचलायचं होतं आणि ठेवायचं होतं. बाकी पहिला नंबर वगैरेची तिला पर्वा नव्हती.

क्रेन कशाची केली म्हणाल? आंब्याच्या पेटीची. मागच्या हंगामातली एक पेटी मोडून तिच्या पट्ट्यांचा उभा खांब आणि पुढे आलेला हात. त्या हाताच्या टोकाशी सासूबाईंच्या शिवणाचं रिकामं रीळ बसवलं, ती कप्पी. रिळावरून सुतळी. सगळ्याला अजून पेंढ्याचा आणि पिकल्या आंब्याचा पुसट वास होता, त्यामुळे डिसेंबरात आमच्या ओटीवर मे महिन्याचा एक तुकडा उभा असल्यासारखं वाटे.

तार दिली दामूकाकांनी. पंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा बांधून देणं हा त्यांचा धंदा. दुकानात सगळीकडे तांब्याच्या तारेची वेटोळी टांगलेली. वृषालीने तिथूनच आणलेली तार एका लोखंडी कांबीभोवती गुंडाळून, सेल जोडून पाहिला होता आणि एक टाचणीसुद्धा हलली नव्हती. ती रडवेली होऊन मला घेऊन पुन्हा दुकानात गेली. दामूकाकांनी तारेचं टोक चष्म्याजवळ धरलं.

"अगो, हिची कातडी सोललीच नाय कुणी. ही तार उघडी दिसते, पण हिच्या अंगावर व्हार्निश असतं. टोकं खरवडल्याशिवाय हिच्यातून वीज कशी जाईल?" मग माझ्याकडे बघून, "बाईंनी इंग्रजीत सांगितलं नाय वाटतं तारेला?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते. त्यांनी ब्लेडने टोकं खरवडून लखलखीत केली, आणखी हातभर तार दिली आणि वृषालीला म्हणाले, "वेढे एकाला एक लागून घाल. वर घोळ झाला की आत ताकद नाय." एवढं मात्र माझ्या हातचं होतं. वेढे मी घातले. एका ओळीत, एकही वर न चढलेला, वही रेघावी तसे. त्या सगळ्या उद्योगात माझं खरं योगदान विचाराल तर तेवढंच. कारण पुढची चूक शंभर टक्के माझी.

चुंबकासाठी गाभा हवा होता, म्हणजे तार ज्याच्याभोवती गुंडाळायची ते लोखंड. वृषालीकडची कांब गंजकी आणि वाकडी होती. माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात आकृतीसह कृती दिली होती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की लोखंड मऊ हवं. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. लोखंड ते लोखंड, त्यात मऊ काय असायचं? मी घरातला सगळ्यांत स्वच्छ, सरळ, चकचकीत तुकडा निवडला: मूठ तुटलेल्या स्क्रू ड्रायव्हरचा पोलादी दांडा. माझ्या नीटनेटकेपणाने आयुष्यात मला पुष्कळ दिलं आहे, पण अशा काही वेळा त्याने माझी फजितीही केली आहे.

बटण दाबलं आणि नट टपकन वर चिकटला. आम्ही तिघींनी टाळ्या वाजवल्या. बटण बंद केलं. नट तसाच. सुतळी हलवली, तरी तसाच. सासूबाई जवळ येऊन बघायला लागल्या.

"ह्याला लळा लागला गो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी आजोबा घरी आले. रिक्षातून उतरताना दाढी वाढलेली, खांद्याला कॅनव्हासची बॅग आणि अंगाला तो इंजिनाच्या तेलाचा वास, जो पहिल्या दोन आंघोळींनी जात नसे. बॅगेतून सासूबाईंसाठी घोंगडीसारखी ऊबदार चादर निघाली, माझ्यासाठी पेन निघालं. मग एक फ्रॉक. पिवळा, झालरीचा, पाठीवर बो असलेला. वृषालीने तो अंगाला लावून पाहिला. तो तिच्या मांड्यांपर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

"दुकानातल्या बाईला हात धरून दाखवलं होतं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा दाखवलं. हात त्यांच्या छातीखाली होता. वृषाली त्या हाताच्या पलीकडे उभी होती, त्यांच्या खांद्याला लागलेली.

"छान आहे," ती म्हणाली. फ्रॉकची नीट घडी घालून तिने तो कपाटात ठेवला आणि परत ओटीवर जाऊन क्रेनशी बसली. मला त्या घडीचं फार वाईट वाटलं. रागावून भिरकावला असता तर बरं झालं असतं.

पुढचे तीन-चार आठवडे घरात पाहुणा असल्यासारखं चाललं. आजोबांनी कौलं चाळली, विहिरीचा रहाट दुरुस्त केला, मासळी बाजारातून सुरमई आणली. संध्याकाळी ओटीवर येऊन बसत आणि क्रेनकडे बघत. एकदा त्यांनी हात पुढे केला, तशी वृषाली म्हणाली, "बाबा, हात नका लावू हां. ज्याचं त्याने करायचं, असं सांगितलंय शाळेत."

"बरं," म्हणून त्यांनी हात मागे घेतला आणि बोटं एकमेकांत गुंफून बसून राहिले. ज्या माणसाचा सगळा दिवस यंत्रांत जातो, त्याला पेटीच्या पट्ट्यांच्या क्रेनपुढे हात बांधून बसणं किती कठीण असेल, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मला वाटलं, त्यांना त्यात रस नाही. मी तसं म्हणूनही दाखवलं.

"पोलादी दांडा आहे तो," ते हळूच म्हणाले. "एकदा चुंबक झाला की राहतोच. मी आलो त्याच दिवशी बघितलं."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कुठे तिने?"

हे ऐकून मी काय करायला हवं होतं? जाऊन वृषालीला सांगायला हवं होतं; प्रदर्शनाला पाच दिवस राहिले होते. मी उठलेही. मग परत बसले. का बसले ते मला आजही नक्की सांगता येत नाही. माझ्या आयुष्यात एखादी चूक दिसत असूनही ती दुरुस्त न करता मी बसून राहिले, असे प्रसंग थोडेच. त्या एका बसण्याबद्दल मी स्वतःचे आभार मानते.

त्या दिवशी संध्याकाळी वृषालीने सगळं करून पाहिलं. सेल उलटे लावले, एक सेल कमी केला, वेढे सोडून पुन्हा घातले. नट सुटेना. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, आजोबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून बसले होते. मग तिने त्यांच्याकडे न बघता, क्रेनलाच विचारावं तसं विचारलं, "बाबा, तुम्ही पत्रात लिहिलेली ती मोठी क्रेन होती ना... ती सोडते कशी?"

पेपर खाली आला. आजोबा उठून तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी हात लावला नाही. "लोखंडाच्या दोन जाती," ते म्हणाले. "एक हट्टी. चुंबकाशेजारी नेलं की तेही चुंबक होऊन बसतं, आणि मग वीज गेली तरी हट्ट सोडत नाही. तुझा दांडा तसला. दुसरं मऊ. वीज आहे तोवर जीव खाऊन धरतं, वीज गेली की विसरतं. ते पाहिजे."

"ते कुठे मिळतं?"

आजोबा विचार करायला लागले. तेवढ्यात सासूबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. मागच्या दाराकडे गेल्या आणि दाराच्या कडीत अडकवलेला खिळा काढून घेऊन आल्या. वीतभर लांब, बोटाएवढा जाड, चौकोनी अंगाचा, लोहाराने हाताने घडवलेला खिळा. त्यांचं माहेर नाटे गावातलं. वडिलांचा मचवा होता, शिडाचं लाकडी गलबत. तो मोडला तेव्हा त्यांनी एवढी एक वस्तू आणली होती. माझ्या लग्नापासून मी तो खिळा रोज दोनदा हाताळत होते, सकाळी काढायला आणि दिवे लागले की घालायला, आणि दर वेळी मनात म्हणे, इथे एक चांगली कडी बसवून घ्यायला हवी.

"हा बघ," त्या मुलाला म्हणाल्या. "वाकवला तर वाकतो, तुटत नाय. लाटांत असलाच लागतो."

"आई, तुमच्या वडलांचा आहे तो," मी म्हटलं.

"मग? समुद्रावरचा आहे, क्रेनीत जाईल. दाराला काडी लाव दुसरी."

आजोबांनी सांगितलं की आणखी मऊ करायचा तर लाल होईपर्यंत तापवायचा आणि अगदी सावकाश निवू द्यायचा. न्हाणीच्या चुलीत करवंट्यांचा जाळ केला. खिळा निखाऱ्यात घातला. तो आधी काळा, मग जांभळट, मग पिकल्या रातांब्यासारखा लाल झाला. वृषालीने चिमट्याने ओढून बाहेर काढला आणि थेट पाण्याच्या बादलीकडे वळली.

"अगो, अगो!" सासूबाई ओरडल्या. "पाण्यात नको! पाण्यात घातला की कडक होतो, विळ्यासारखा. मऊ करायचा तर राखेत निजवतात. लोहाराकडे बघितलं नाय कधी? निजव. आणि सारखी उठवून बघू नको."

राखेत निजवला. दुसऱ्या दिवशी शाळेतून येईपर्यंत तो तिथेच होता. मी कागदाचा वेढा देऊन त्यावर पुन्हा तार घातली, एकाला एक लागून. वृषालीने बटण दाबलं. नट चिकटला. बटण बंद केलं.

टक्.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. लादीवर एक छोटा नट पडल्याचा आवाज तो काय, पण आम्ही चौघं त्या आवाजाला जे हसलो! वृषालीने वीस वेळा करून पाहिलं. वीस वेळा टक्. आजोबा दर वेळी नट उचलून परत खाली ठेवत होते. तेवढं काम तिने त्यांना दिलं होतं.

गुरुवारी ती म्हणाली की बंदर आहे तर वाळू हवी. नुसत्या फळीवर बंदर कसं दिसेल? दोघं सायकलवरून भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. सायकल आजोबा चालवत होते आणि ती मागे कॅरियरवर, पाय जमिनीला लागतील इतके लांब झालेले, ते वर उचलून धरलेले. पिशवीभर वाळू घेऊन अंधार पडायच्या आत परत आले. दोघांच्या पायांना वाळू, दोघांच्या दातांत शेंगदाणे. "आई, बाबांना भेळ खाताना ठसका लागला, सगळे बघत होते," हे तिने फाटकातूनच ओरडून सांगितलं.

माझ्या हातात तार होती. तांब्याची नव्हे, पोस्टाची. मुंबईहून कंपनीच्या ऑफिसने पाठवलेली. जहाज लवकर सुटणार होतं. शुक्रवारी सकाळीच मुंबईची एसटी पकडायला हवी होती.

वृषालीने तार वाचली. वाळूची पिशवी खाली ठेवली. "शनिवारी आहे ना प्रदर्शन," एवढंच म्हणाली. तिला माहीत होतं की यात कुणाची चूक नाही, आणि म्हणूनच ती कुणावर ओरडूही शकत नव्हती. आजोबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "उद्या सकाळी कर ना," ते म्हणाले. "माझ्यापुरतं. गाडी साडेआठला आहे."

शुक्रवारी सकाळी सातला आमच्या ओटीवर प्रदर्शन भरलं. आजोबांची बॅग दाराशी, ते आंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात. सासूबाई पाटावर. वृषाली शाळेच्या गणवेशात, दोन वेण्यांना रिबिनी, कारण प्रदर्शन म्हणजे प्रदर्शन. फळीवर भाट्याची वाळू पसरली होती, त्यात शिंपल्यांचा धक्का, कागदाचं जहाज, आणि वाळूत ठेवलेले पाच नट. तिने परीक्षकांपुढे म्हणायचं भाषण म्हटलं. मग खिळा खाली सोडला आणि बटण दाबलं.

खिळा वर आला तो दाढी घेऊन. नट नव्हताच. त्याच्या टोकाला काळ्या वाळूचे दाट केस उभे राहिले होते, साळिंदरासारखे. बटण बंद केल्यावर थोडी वाळू पडली, बाकीची चिकटून. दुसऱ्यांदाही तेच. नटाच्या आणि खिळ्याच्या मध्ये वाळूची गादी. नट उचलणार कसा?

भाट्याची वाळू काळी का दिसते, याचा आमच्यापैकी कुणीही कधी विचार केला नव्हता. तिच्यात लोखंडाच्या खनिजाचे कण आहेत. रत्नागिरीच्या शाळेत भूगोलात हे शिकवतात, आमच्या शाळेतही शिकवत होते. आणि तरी चुंबकाखाली आम्ही तीच वाळू पसरली होती, कारण वाळू म्हणजे आमच्या मते भाट्याचीच.

वृषालीचा चेहरा बघवत नव्हता. पावणेआठ झाले होते. आजोबा म्हणाले, "खिळ्याची माझ्यासारखी दाढी झाली गो. मघाशी मी केली, आता ह्याची करू." पण ती हसली नाही. त्यांनी शर्टाच्या बाहीनेच खिळा पुसायला घेतला. मी इस्त्री केलेल्या शर्टाकडे नुसतं बघितलं.

सासूबाई आत गेल्या आणि नव्या तांदळाने भरलेलं सूप घेऊन आल्या. "वाळू उपस," त्या म्हणाल्या. "हे पसर. ह्यात नाय लोखंड."

फळी साफ केली. तांदूळ पसरला. बंदर एकदम पांढरंशुभ्र झालं. नट त्यात अर्धे बुडालेले. वृषालीने खिळा खाली सोडला, बटण दाबलं. नट सुटून वर आला, तांदळाचा एकही दाणा न घेता. तिने सावकाश क्रेनचा हात फिरवला. कागदाच्या जहाजावरून, धक्क्यावरून, फळीच्या बाहेर. आजोबांनी तळहात पुढे केला. नट बरोबर त्याच्यावर येऊन थांबला.

आता बटण बंद करायचं.

तिने केलं नाही. अंगठा दाबलेला तसाच. नट त्यांच्या तळहाताच्या चार बोटं वर लोंबत होता. आम्हाला आधी वाटलं, ती क्रेन नीट स्थिर करते आहे. रस्त्यावरून रिक्षा आली, थांबली, हॉर्न वाजला.

"सोड गो," आजोबा म्हणाले.

"सोडलं की तुम्ही जाणार."

महिनाभर आम्ही सगळी जण एकाच गोष्टीच्या मागे होतो की चुंबकाने सोडावं. आजोबांचा हात तसाच पसरलेला होता. त्यांनी तो जराही मागे घेतला नाही आणि घाईही केली नाही. रिक्षावाल्याने पुन्हा हॉर्न दिला, तेव्हा त्यांनी मान न वळवता मला हाताने खूण केली, की सांग त्याला थांबायला.

शेवटी सासूबाईंनी वेढ्यांना बोट लावून पाहिलं. "तार तापली गो बाय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "जळेल. मग परत आल्यावर काय दाखवशील?"

वृषालीने अंगठा उचलला.

या वेळी टक् असा आवाज झाला नाही. नट हातात पडला. आजोबांनी मूठ मिटली, ती तशीच खिशात घातली आणि दुसऱ्या हाताने बॅग उचलली. जाताना त्यांनी सासूबाईंकडून सुतळीचा एक तुकडा मागून घेतला, वृषालीला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत माप घेऊन गाठ मारली. सुतळी नटाबरोबर खिशात गेली.

शनिवारी शाळेत क्रेन चालली. परीक्षकांनी विचारलं, बंदरात वाळूऐवजी तांदूळ का? वृषालीने वाळूची गोष्ट सांगितली, आणि त्यांनी मुद्दाम वाळू मागवून खिळ्याची दाढी पुन्हा पुन्हा बघितली. बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. कुणाला ते माझ्या डायरीत असेल. खिळा धुऊन-पुसून परत मागच्या दाराच्या कडीत गेला. मी तिथे चांगली कडी अजून बसवलेली नाही.

पुढच्या खेपेला आजोबा आले तेव्हा बॅगेतून फ्रॉक निघाला नाही. निघालं ते कापड, निळं, न कापलेलं, आणि त्यावर ठेवलेली ती सुतळी. "माप होतं," ते म्हणाले. "पण मी पोचेपर्यंत ही आणखी वाढणार. इथेच शिव." त्यानंतर ते नेहमी कापडच आणत. आणि सुतळीला नवी गाठ मारून नेत.

या सगळ्यात मी आभार कुणाचे मानायचे? दामूकाकांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सासूबाईंना तर मी त्या वेळी साधं "बरं झालं" एवढंही म्हटलं नाही. आपल्याकडे घरात आभार मानायची पद्धत नव्हती, आणि इंग्रजीत शिकलेल्या सुनेने ते म्हटलं असतं तर त्यांना उलट परकं वाटलं असतं. आजोबांच्या दाढीच्या डब्यात तो नट शेवटपर्यंत होता. त्याला गंज नाही. खाऱ्या हवेत इतकी वर्षं काढून गंज नाही, म्हणजे कुणीतरी तो वरचेवर पुसत असणार.

तर निहार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या यंत्रात आत कसला दांडा आहे तो बघ. चकचकीत पोलादाचा असेल तर बदल. साधा, जुना, वाकणारा खिळा शोध, लाल होईपर्यंत मोठ्यांकडून तापवून घे आणि राखेत निजव. मी काल हे थोडक्यात तुमच्या आईला सांगितलं, तर ती म्हणते, "आई, इथे राख कुठून आणू? आमची शेगडी विजेची आहे." मग तुम्ही तिघांनी बसून काढा काहीतरी उपाय. आजी सगळं सांगत नाही. विचारल्याशिवाय तर नाहीच.

आणि एक. आपला फोन माझ्या सकाळी आणि तुमच्या रात्रीच्या जेवणाआधी असतो. बोलणं संपतं, आणि मग नेहमी तेच. "आजी, तू बंद कर." "नाही, तुम्ही करा." "तू आधी." इरा पडद्याजवळ नाक आणते, निहार मागे उड्या मारतो, तुमची आई "अरे ठेवा आता, जेवायचंय" म्हणते, पण तीही बटणाला हात लावत नाही. परवा किती वेळ गेला कोण जाणे. हातातला फोन गरम झाला होता.

मग मीच अंगठा उचलून लाल बटणावर ठेवला. तुमची आई ते बघत होती. पडद्यावरून तिने फक्त एकच केलं. चिरत होती ते सोडून, ओला तळहात पुसून, तो माझ्यासमोर पसरून धरला.